पोरगं हाताबाहेर चाललंय, निवासी शाळेत टाकू का?

दादा, तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. तुम्ही चाकणला कंपनीत, घर बीड जिल्ह्यात. पंधरा वर्षांचा, नववीतला मुलगा आई आणि आजोबांजवळ गावी. दप्तरात गुटख्याच्या पुड्या सापडल्या, आईच्या फोनवरून साडेतीन हजार रुपये कुठल्याशा गेममध्ये गेले, रात्री एक-दीडपर्यंत मोबाइल चालू, पहिल्या सत्रात तीन विषय गेले. चुलता म्हणतो, फोडून काढल्याशिवाय सुधरायचं नाही. तुम्हाला दोन गोष्टी विचारायच्यात: जूनपासून निवासी शाळेत टाकू का, आणि समुपदेशकाकडे नेलं तर गाव त्याला येडा ठरवेल, त्याचं काय. मग जाता जाता लिहिल्यासारखी एक ओळ, की हातावर ब्लेडच्या बारीक रेघा दिसल्या, विचारलं तर "काई नाई, वर्गात सगळेच करतेत" म्हणाला.

मी त्या शेवटच्या ओळीपासून सुरू करते. बाकीचं महिनाभर थांबू शकतं, ही ओळ नाही.

आधी माझ्याबद्दल थोडं. मी मराठवाड्यात बरीच वर्षं या वयाच्या मुलामुलींसोबत समुपदेशनाचं काम करते. आधी सरकारी दवाखान्यातल्या मैत्री क्लिनिकमध्ये, म्हणजे किशोरवयीन मुलामुलींसाठीच्या सल्ला विभागात होते, आता जास्त करून शाळा आणि वसतिगृहांत. डॉक्टर नाही, औषधं लिहून देत नाही. लेकराला न बघता त्याला काय झालंय ते मी सांगणार नाही, आणि दुसरं कुणी फोनवरून छातीठोक सांगत असेल तर तुम्हीही ऐकू नका.

हातावर ब्लेड मारून घेणारं प्रत्येक लेकरू मरायलाच निघालेलं नसतं. कुणाच्या आत काहीतरी दाटलेलं असतं आणि ते सांगायला शब्द नसतात, कुणी खरंच दुसऱ्याचं बघून करतं. पण ज्याने एकदा स्वतःला इजा केली त्याला पुढे जिवाचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो, हे पक्कं आहे. म्हणून "फॅशन आहे" म्हणून सोडायचं नाही, आणि अंगावर धावूनही जायचं नाही. विचारायचं, आणि सरळ विचारायचं: "तुला कधी असं वाटतं का, की आता जगूच नये?" असं विचारल्याने नसलेला विचार डोक्यात शिरेल ही भीती जवळजवळ प्रत्येक आईबापाला असते. आजवरच्या अभ्यासांत तसं दिसलेलं नाही. माझ्यासमोर तर बहुतेक पोरं हा प्रश्न ऐकून खांदे खाली सोडतात. कुणीतरी एकदाचं विचारलं, असा तो भाव असतो.

हा प्रश्न फोनवर नको. सुट्टी टाकून या. समोर बसवून, डोळ्यांत डोळे घालून तर मुळीच विचारू नका, ती पोलिसी चौकशी वाटते. शेताकडे चालत जाताना, बैलांना पाणी पाजताना, म्हणजे दोघांचे डोळे तिसरीकडे असताना विचारा. तो "हो" म्हणाला तर "असलं बोलायचं नाही", "तुझ्या मायचा विचार केलास का" हे दोन्ही गिळून टाका. कधीपासून वाटतंय, कशामुळे जास्त वाटतं, काही ठरवलंय का, एवढं विचारा. काही ठरवलंय असं निघालं तर त्याला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी बीडचं जिल्हा रुग्णालय किंवा अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालय, जे जवळ पडेल तिथे मनोविकार विभागात न्या. रात्रीची वेळ असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालतो, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. पोलीस केस होईल म्हणून लोक दवाखाना टाळतात. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम ११५ सांगतं, की आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरायचं, त्याच्यावर त्यासाठी खटला भरायचा नाही. भीतीपायी उपचार थांबवू नका.

आणि त्याच्या उत्तराची वाट न बघता आज संध्याकाळीच एक काम करून घ्या. घरात, गोठ्यात, खाटेखाली फवारणीच्या औषधाचे डबे असतील, उरलेलं औषध पाण्याच्या बाटलीत ओतून ठेवलेलं असेल. आबांना सांगा, सगळं एका पेटीत घालून कुलूप लावा आणि चावी आबांच्या करगोट्याला. आबांच्या बीपीच्या गोळ्याही त्यातच. मुलाला काही बोलायची गरज नाही. हे मी प्रत्येक शेतकरी घराला सांगते, लेकरू कितीही गुणाचं असो. या वयात टोकाचा विचार पुष्कळदा थोड्या वेळासाठी येतो आणि ओसरतो. त्या वेळात हाताशी काय आहे यावर फार काही ठरतं. श्रीलंकेने १९९५ पासून सर्वांत जहाल कीटकनाशकं टप्प्याटप्प्याने बंद केली आणि पुढच्या वीस वर्षांत तिथला आत्महत्यांचा दर सुमारे ७० टक्क्यांनी उतरला. त्यातला बराच काळ तिथे यादवी युद्ध चालू होतं, म्हणजे लोकांची दुःखं काही संपली नव्हती. फक्त विष हाताशी राहिलं नाही.

आता बाकीचं. पुडी, मोबाइल, मार्क, चोरी अशा चार तक्रारी तुम्ही मांडल्यात. मला त्यात एकच धागा दिसतो: या पोराला घरात खरं बोलणं परवडत नाही. पुडी सापडली की मार, पैसे गेले की मार, मार्क सांगितले की दोन दिवस बोलणं. त्याने यातून शिकायचं ते शिकून घेतलं, म्हणजे लपवायचं. तुम्ही पाळत वाढवली की तो लपवणं वाढवेल, आणि त्या खेळात पंधरा वर्षांचं पोरगं आपल्याला सहज हरवतं. चुलत्याच्या मताशी माझं वाकडं आहे ते एवढ्याचसाठी. मार दिल्याने पुडी चार दिवस बंद होईलही, पण ज्या दिवशी त्याला खरोखर मदत लागेल त्या दिवशी तो तुमच्याकडे येणार नाही. पोराचं धोक्याचं वागणं कमी करायचा मला माहीत असलेला सगळ्यात भरवशाचा मार्ग म्हणजे खरं बोलण्याची किंमत उतरवणं.

म्हणजे लाड नव्हे. पैशाचंच उदाहरण घेऊ. साडेतीन हजार गेले कसे? आईच्या फोनचा पिन त्याला ठाऊक होता, कारण रिचार्ज तोच मारतो, आबांची ई-पीक पाहणी तोच करतो, पीएम किसानचं केवायसी, विम्याचा फॉर्म सगळं तोच. आमच्याकडे घरोघरी नववी-दहावीतलं पोरगं हेच घराचं ऑनलाइन ऑफिस आहे. (याचं श्रेय त्याला कुणी देत नाही, हा वेगळा विषय.) पिन बदला, पण ही कामं काढून घेऊ नका. आई शेजारी बसेल, पिन ती स्वतः दाबेल, आणि खर्च वहीत लिहायचा. साडेतीन हजार कसे फिटतील ते त्यालाच विचारा. आठवड्याच्या खर्चीतून थोडे, सुट्टीत शेतातल्या कामाच्या हिशोबातून थोडे. चूक भरून काढायची वाट असली की पोरगं ती कबूल करतं.

पण त्याआधी एक प्रश्न विचारा, जो सहसा कुणी विचारत नाही: "कुणाची उधारी आहे का?" पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर केंद्राने ऑगस्ट २०२५ मध्ये कायदा करून बंदी आणली, तरी लिंका फिरत असतात, आणि आईच्या फोनमधले पैसे संपले की पोरं फाट्यावरच्या मोठ्या पोरांकडून उसने घेतात. मग ती पोरं वसुली करतात. कधी पैशात, कधी कामं सांगून, कधी याहून वाईट मार्गाने. मार्क कमी पडल्याने पोरगं खचतं हे खरं, पण मी ज्यांना अगदी कोपऱ्यात सापडलेलं बघितलंय त्यांच्यात देणं असलेली पोरं पुष्कळ होती. उधारी निघाली तर ती तुम्ही स्वतः जाऊन, मोठ्या माणसाने मोठ्या पोराशी बोलून मिटवा. "तू घेतलीस, तू निस्तर" हे इथे चालत नाही. आणि कुणी त्याच्या अंगाला हात लावलाय, घाणेरडे फोटो मागितलेत असं काही निघालं तर ते गावकीत मिटवायचं प्रकरण नाही. पोक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याखाली ते कळवणं बंधनकारक आहे. मुलांसाठीच्या १०९८ या हेल्पलाइनला फोन केला तरी सुरुवात होते.

पुडीचं मी थोडक्यात सांगते. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे आणि तो कुठल्या टपरीवर मिळतो हे गावातल्या प्रत्येकाला माहीत आहे. अल्पवयीनाला तंबाखू देणाऱ्याला बाल न्याय कायद्याच्या कलम ७७ मध्ये सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे. आबांनी टपरीवाल्याला चारचौघांत नाही, बाजूला घेऊन एवढं शांतपणे सांगितलं तरी बऱ्याचदा काम होतं. मुलाला कॅन्सरचे फोटो दाखवू नका. तोंड वाकडं झालेलं चित्र पुडीवरच छापलेलं असतं, तो ते रोज बघून खातो. त्याऐवजी त्याला स्वतःची तीन बोटं एकावर एक उभी धरून तोंडात घालायला सांगा. जात नसतील तर सुपारीने गालाची आतली कातडी आवळायला लागली असेल, दाताच्या डॉक्टरला दाखवा. सोडताना पहिले काही दिवस चिडचिड, डोकं जड, झोप नाही असं होतं. त्या दिवसांत घरच्यांनी "बघा कसा उलट बोलतोय" म्हणून धरलं की तो परत टपरीवर. तंबाखू सोडायला मदत करणारी सरकारी लाइन आहे, १८००-११-२३५६, तिथे तो स्वतः बोलू शकतो. पुडीपुरतंच थांबलंय का, हेही बघून घ्या. कपड्याला व्हाइटनरचा किंवा पंक्चरच्या सोल्युशनचा वास, खोकल्याच्या औषधाच्या रिकाम्या बाटल्या, दिवसा पेंगणं यातलं काही असेल तर घरगुती उपाय करत बसू नका, दवाखाना.

खरी जागा मात्र टपरी नाही, वेळ आहे. तुमच्या मुलाची शाळा पाच वाजता सुटते. आई रानातून दिवेलागणीला येते. आबा पारावर. मधले दीड-दोन तास त्याचे कुणाचेच नाहीत, आणि फाट्यावर त्याला "ये भैय्या" म्हणून जागा करून देणारी पोरं बसलेली असतात. ऊसतोडीला गेलेल्या घरांची तर आणखी वेगळी तऱ्हा. दिवाळी झाली की मायबाप कोयता घेऊन जातात, चार-पाच महिने लेकरू आजीजवळ नाहीतर हंगामी वसतिगृहात. तुम्ही चाकणला आहात म्हणजे महिन्या-दोन महिन्याला तरी येता.

त्या दोन तासांत काय घालायचं ते गाव बघून ठरतं. कबड्डीचा संघ असेल तर उत्तम. भरतीची तयारी करणारी पोरं पहाटे-संध्याकाळी पळतात, त्यांच्यात नववीतली पोरं सामील होतात. त्यातलं एखादं पोरगं पुडी न खाणारं असलं की पुरतं, कारण या वयात बापापेक्षा दोन-चार वर्षं मोठ्या पोराचा शब्द जास्त चालतो. कुणी सप्ताहात पखवाज शिकतं. माळ घातली आणि पुडी सुटली अशी पोरं मी बघितलीत. पण माळ त्याने मागितलेली असावी. आपण शिक्षा म्हणून गळ्यात घातली की तो माळ शर्टात लपवून टपरीवर उभा राहतो. शेतातली कामं या तासांत घालू नका. कामं करू देत, पण ती मोकळ्या वेळेला पर्याय होत नाहीत.

मोटारसायकलचं तुम्ही लिहिलं नाही, पण खेड्यात पंधरा वर्षांचं पोरगं आणि घरात गाडी म्हटल्यावर विचारायलाच नको. २०१९ पासून अल्पवयीनाने गाडी चालवली तर पालकाला २५ हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. चावी आबांकडे.

आता मार्क. इथे मी जरा थांबायला सांगेन. तीन विषयांत गेला तो यंदाच, की आधीपासून ढकलत आलाय? पुष्कळ पोरांना आठवीपर्यंत नीट वाचता येत नाही आणि ते नववीत उघडं पडतं. वर्गात उभं करून वाचायला लावलं की हसू होतं, म्हणून पोरगं मागच्या बाकावर जातं, मग शाळेबाहेर. त्याला मराठीच्या पुस्तकातला एक परिच्छेद तुमच्यासमोर, एकटा असताना वाचायला सांगा. अडखळत, अक्षरं उलटसुलट करत वाचत असेल तर अध्ययन अक्षमतेची तपासणी करून घ्या. तसं प्रमाणपत्र असेल तर दहावीला मंडळ सवलती देतं. आणि जर सातवीपर्यंत बरा होता आणि एकाएकी घसरला असेल, तर मला नैराश्याची शंका येते. मोठी माणसं खचली की रडतात, गप्प बसतात. या वयातली पोरं खचली की चिडतात, उलट बोलतात, रात्रभर जागतात, आणि आपण त्याला माज म्हणतो. राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात, २०१५-१६ साली, १३ ते १७ वयातल्या ७.३ टक्के मुलांमध्ये कुठला ना कुठला मानसिक त्रास आढळला होता. चाळीस-पन्नास पोरांच्या वर्गात तीन-चार लेकरं झाली. तुमचं त्यात असेलच असं नाही, पण ही दुर्मीळ गोष्टही नाही.

तर आत्तापर्यंतचं: हातावरच्या रेघांबद्दल सरळ विचारणं आणि विष कुलपात, हे लगेच. उधारी, वाचन, संध्याकाळचे तास हे पुढच्या महिन्यात. मार कुठेच नाही.

तुम्ही लांब आहात म्हणून तुमच्या हातात काहीच नाही असं समजू नका. तुमच्याकडे फोन आहे, तो वापरायची पद्धत बदला. बहुतेक बापांचे फोन मी ऐकलेत: "जेवलास का? अभ्यास केलास का? आईला तरास देऊ नको. दे तिच्याकडे." चाळीस सेकंदांत हजेरी संपते. आठवड्यातून दोन फोन असे करा, की त्यात एकही सूचना नाही. आधी तुमचं सांगा: आज लाइनवर मशीन बंद पडली, सुपरवायझर ओरडला, मेसमध्ये भाजी खारट होती. बाप ओरडा खातो आणि दुसऱ्या दिवशी परत कामाला जातो, हे त्याला कळायला पाहिजे. मग विचारा, "फाट्यावर काय चाललंय?" पहिले तीन-चार फोन तो "काई नाई" म्हणेल. म्हणू द्या. ज्या दिवशी तो स्वतःहून काही वाईट सांगेल, त्या दिवशी तुमची परीक्षा आहे. "बरं झालं सांगितलंस. उद्या बोलू," एवढं म्हणून फोन ठेवता आला तर निम्मं काम झालं. रागावायचं असेल ते मेसच्या भिंतीवर रागवा.

रात्रीच्या मोबाइलसाठीही हिसकाहिसकी नको. दहा वाजता घरातले सगळे फोन, आईचासुद्धा, आबांच्या खोलीत चार्जिंगला. नियम एकट्याला लावला की शिक्षा होते, सगळ्यांना लावला की घराची रीत होते.

आता निवासी शाळा. हे खरंच परिस्थितीवर आहे. घरात रोज दारू-भांडण असेल, गावात त्याच्या मागे लागलेली टोळी असेल, तर जागा बदलण्याचा फायदा होतो. पण तुम्ही लिहिलंय त्यावरून आई आणि आबा दोघेही त्याच्यावर जीव टाकणारे दिसतात. हातावर रेघा असलेलं पोरगं, कारण समजून न घेता, अनोळखी साठ पोरांत नेऊन ठेवणं मला पटत नाही. त्याला ते "मला काढून टाकलं" असंच वाटेल. चौकशी मात्र करा, आणि निकाल किती लागतो याआधी दुसरं विचारा. रात्री रेक्टर कुठे झोपतो? पोराने रडत फोन करायचा म्हटलं तर कधी करू देता? समुपदेशक आहे का? सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये शंभर किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या शैक्षणिक संस्थांना पात्र समुपदेशक नेमायला सांगितलंय. मार्कांवरून तुकड्या पाडणं, चारचौघांत पाणउतारा करणं यालाही मनाई केलीय, कोचिंगवाल्यांनाही. पुढे लातूर-नांदेडला क्लास लावायचा विचार असेल तर हे तिथेही विचारा. "आमच्याकडे शिस्त कडक आहे" एवढंच उत्तर आलं तर त्या शाळेच्या पायऱ्या उतरा. शाळेत मारायला परवानगी नाही, हेही लक्षात असू द्या.

गाव येडा म्हणेल, याबद्दल. म्हणेल कदाचित. पण गावाला सांगायचं कशाला? मैत्री क्लिनिक दवाखान्यातच असतं, तिथे जाणारा कशासाठी चाललाय हे केसपेपरवर पाटी लावून लिहिलेलं नसतं. "डोकं दुखतंय, डोळे तपासायचेत" म्हणून तालुक्याला जाणारी कितीतरी लेकरं माझ्याकडे येऊन गेलीत. गावातल्या आशाताईंना, म्हणजे आशा सेविकेला विचारा. शेतकरी आत्महत्यांमुळे मराठवाड्याच्या सगळ्या जिल्ह्यांत २०१५ पासून प्रेरणा प्रकल्प हा सरकारी समुपदेशनाचा कार्यक्रम चालू आहे, कुठे जायचं ते त्यांना माहीत असतं. शाळेत एकाच सरांना सांगा, ज्यांचा तुमच्या पोराला धाक नाही, लळा आहे अशांना. अख्ख्या स्टाफरूमला नको.

दोन गोष्टी तुम्ही लिहिल्या नाहीत, त्या कळवल्यात तर मला आणखी सांगता येईल. घरात, भावकीत किंवा शेजारी गेल्या दोन-तीन वर्षांत कुणी आत्महत्या केलीय का? तसं असेल तर लेकराबद्दलची काळजी एक पायरी वर न्यावी लागते, आणि मग पहिली भेट समुपदेशकाऐवजी मनोविकारतज्ज्ञाची घ्या. आणि दुसरं, त्या रेघा नव्या आहेत की भरून आलेल्या? आईला आज रात्रीच बघायला सांगा, आंघोळीला पाणी देताना, न बोलता. नव्या असतील तर सुट्टीची वाट बघू नका, उद्याच्या गाडीने निघा.